आपल्या नावाने कोण बोलते?

एप्रिल २०२५ मध्ये नाशिकला शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचे शिबिर झाले. तिथे बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातले सुमारे १३ मिनिटांचे भाषण ऐकवण्यात आले. बाळासाहेबांचे निधन झाले नोव्हेंबर २०१२ मध्ये. भाषणात मात्र टीका होती ती त्यानंतर झालेल्या फाटाफुटीवर आणि आजच्या सत्ताधाऱ्यांवर. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला होता आणि मजकूर आजच्या माणसांनी लिहिलेला. हे लपवून ठेवलेले नव्हते. त्या भाषणाचे राजकारण योग्य की अयोग्य, यावर महाराष्ट्रात भरपूर बोलून झाले आहे. मला त्यातला एकच प्रश्न सोडत नाही. त्यातले एखादे वाक्य बाळासाहेबांना पटले नसते, तर ते आता सांगणार कोण?

गेल्या काही वर्षांत माणसांची डिजिटल प्रतिरूपे आणि वैयक्तिक कृत्रिम बुद्धिमत्ता या नावांखाली एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या कितीतरी गोष्टी एकत्र आल्या आहेत. रुग्णाच्या हृदयाची संगणकातली प्रत, आपली आवडनिवड लक्षात ठेवणारा चॅटबॉट, मालकाच्या बदल्यात बैठकीला हजर राहणारा चेहरा, सर्वेक्षणात माणसाऐवजी उत्तरे देणारे मॉडेल, गेलेल्या आईच्या आवाजात बोलणारे अ‍ॅप. या साऱ्यांबद्दल बोलताना बहुतेक जण विचारतात की प्रत किती हुबेहूब आहे. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. प्रत चुकली तर तिला खोडून काढणारे कोणी समोर आहे का, हे आधी विचारायला हवे.

सुरुवात यंत्रांपासून झाली. २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात मायकेल ग्रीव्ह्ज यांनी उत्पादनांच्या संदर्भात ही कल्पना मांडली: प्रत्येक वस्तूची संगणकीय प्रत ठेवायची आणि वस्तूकडून येणाऱ्या मोजमापांनी ती सतत ताजी करत राहायची. 'डिजिटल ट्विन' हे नाव २०१० च्या सुमारास नासातल्या जॉन व्हिकर्स यांच्यामुळे रुजले. विमानाच्या इंजिनाला ही कल्पना चोख लागू पडते. तापमान प्रतीने एक सांगितले आणि सेन्सरने दुसरे दाखवले, तर प्रत चुकली. वाद तिथेच संपतो.

वैद्यकात ही शिस्त बरीचशी टिकून राहिली, आणि म्हणूनच या क्षेत्रातली सर्वांत भरीव कामगिरी वैद्यकातली आहे, जरी तिची चर्चा सर्वांत कमी होत असली तरी. व्हर्जिनिया आणि पादुआ या दोन विद्यापीठांनी मिळून टाइप १ मधुमेहाचा एक सिम्युलेटर बनवला. त्यात ३०० आभासी रुग्ण आहेत: १०० प्रौढ, १०० किशोरवयीन, १०० मुले. प्रत्येकाचे शरीर इन्सुलिनला वेगळा प्रतिसाद देते. २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इन्सुलिन-नियंत्रणाच्या काही प्राथमिक चाचण्यांसाठी प्राण्यांऐवजी हा सिम्युलेटर चालेल, असे मान्य केले. रक्तातली साखर पाहून पंपाने आपोआप इन्सुलिन सोडायचे, या 'कृत्रिम स्वादुपिंडा'च्या संशोधनाला त्यामुळे मोठा वेग आला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया ट्रायनोव्हा यांचा गट रुग्णाच्या एमआरआयवरून त्याच्या हृदयाची प्रत बांधतो. ठोक्यांची लय बिघडवणारे विद्युतप्रवाह कुठल्या व्रणाभोवती फिरतात ते आधी प्रतीत शोधायचे आणि मग खऱ्या हृदयात नेमकी तेवढीच जागा डागायची. यात प्रत चुकू शकते, आणि तिची किंमत मोठी असू शकते. पण चूक झाल्याचे कळते. साखर मोजता येते, ठोके मोजता येतात. शरीर प्रतीला उलट उत्तर देते.

आवाजाच्या बाबतीतही अशी एक जागा आहे, जिथे तंत्रज्ञान माणसाच्या बाजूने ठामपणे उभे राहिले आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातल्या तत्कालीन सदस्य जेनिफर वेक्स्टन यांचा आवाज मेंदूच्या एका दुर्धर आजाराने जवळजवळ हिरावून घेतला होता. त्यांच्या जुन्या भाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून आवाजाची प्रत तयार केली गेली आणि जुलै २०२४ मध्ये तिच्या मदतीने त्या सभागृहात बोलल्या. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एडवर्ड चँग यांच्या गटाने 'नेचर'मध्ये एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. पक्षाघातामुळे १८ वर्षे तिला बोलता येत नव्हते. तिच्या मेंदूच्या पृष्ठभागावर २५३ इलेक्ट्रोड बसवून, ती जे बोलू पाहते त्याचे संदेश टिपले गेले आणि मिनिटाला सुमारे ७८ शब्दांच्या वेगाने ते पडद्यावर उमटले. तिच्या वतीने बोलणाऱ्या पडद्यावरच्या प्रतिमेला आवाज दिला तो तिच्याच लग्नाच्या चित्रफितीतल्या बोलण्यावरून घडवलेला. ही हकिगत वाचताना मला गलबलून येते. आणि यात चूक लपून का राहत नाही, तेही स्पष्ट आहे. काय बोलायचे हे ती ठरवते. यंत्र फक्त कंठ पुरवते. चुकीचा शब्द आला तर ती पुन्हा प्रयत्न करू शकते.

मात्र याच तंत्राला फार कमी कच्चा माल लागतो. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाखवलेल्या 'व्हॉल-ई' मॉडेलला कोणाचाही आवाज उचलायला ३ सेकंदांचा नमुना पुरत होता. २०२४ च्या सुरुवातीला 'अरूप' या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना पाहून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर परक्या खात्यांत पाठवले. बैठकीतले ते वरिष्ठ बनावट होते. फसवणुकीचा हा भाग सगळ्यांना समजतो, पोलिसांनाही समजतो, त्यामुळे त्यावर इथे रेंगाळत नाही.

खरी गुंतागुंत सुरू होते ती मनाची प्रत काढायला निघाल्यावर. एप्रिल २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या जून सुंग पार्क आणि सहकाऱ्यांनी 'स्मॉलव्हिल' नावाचे एक आभासी गाव वसवले. त्यात २५ काल्पनिक रहिवासी होते, आणि त्यांनी आपापसांत निरोप पोचवून व्हॅलेंटाइन दिनाची मेजवानीसुद्धा ठरवली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच गटाने खऱ्या माणसांकडे मोर्चा वळवला. १,०५२ अमेरिकन नागरिकांच्या प्रत्येकी सुमारे दोन तासांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, त्याही एका कृत्रिम मुलाखतकाराकडून. प्रत्येकाच्या मुलाखतीचा सारा मजकूर भाषिक मॉडेलपुढे ठेवायचा आणि त्याला सांगायचे की आता तू हा माणूस आहेस, प्रश्नांची उत्तरे दे.

निकालाचा आकडा जगभर गाजला: ८५ टक्के. तो नीट समजून घेतला पाहिजे. अमेरिकेतल्या प्रसिद्ध सामाजिक सर्वेक्षणाचे प्रश्न आधी खऱ्या माणसांना विचारले गेले, दोन आठवड्यांनी तेच प्रश्न त्यांनाच पुन्हा विचारले गेले. माणसांनी स्वतःशी मिळतीजुळती उत्तरे दिली ती सुमारे ८१ टक्के वेळा. प्रतिरूपांची उत्तरे जुळली सुमारे ६९ टक्के वेळा. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे तो ८५ चा आकडा. मला त्यातला ८१ जास्त बोलका वाटतो. पंधरा दिवसांत माणूस पाचातल्या जवळपास एका प्रश्नावर वेगळे बोलतो. कधी मत बदलते, कधी प्रश्न वेगळा ऐकू येतो, कधी आदल्या रात्री झोप झालेली नसते. मुलाखतीचा मजकूर मात्र एका दिवशी गोठलेला असतो आणि प्रतिरूप कायम त्याच दिवसातून बोलत राहते.

या उत्साहाला चाप लावणारे काम कोलंबिया विद्यापीठातून आले. ऑलिव्हिए टूबिया आणि सहकाऱ्यांनी २,०५८ अमेरिकन लोकांना ५०० प्रश्न विचारून माहितीचा मोठा साठा उभा केला, त्यावरून प्रत्येकाचे प्रतिरूप बनवले आणि १९ निरनिराळ्या अभ्यासांत माणूस व त्याचे प्रतिरूप यांची १६४ बाबतींत तुलना केली. २०२५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार व्यक्तिगत पातळीवरचा सहसंबंध सरासरी ०.२ च्या आसपास भरला, म्हणजे क्षीणच. माणसामाणसांतले फरक काही प्रमाणात पकडले गेले, पण अमुक एक माणूस नेमके काय उत्तर देईल हे सांगण्यात एवढ्या माहितीचीही फारशी मदत झाली नाही. आणखी दोन गोष्टी आढळल्या, आणि माझ्या दृष्टीने त्या सर्वांत महत्त्वाच्या आहेत. प्रतिरूपांच्या उत्तरांत माणसांच्या उत्तरांइतकी विविधता नव्हती. ती मध्याकडे सरकत होती. आणि प्रतिरूपे अधिक चांगली जमली ती जास्त शिकलेल्या, जास्त उत्पन्नाच्या आणि राजकीयदृष्ट्या मवाळ लोकांची.

म्हणजे प्रतिरूप आपल्यातले तेवढेच नीट उचलते, जे इतर अनेकांसारखे आहे. मॉडेल ज्या लिखाणावर वाढले त्यात ज्यांचा आवाज मोठा, त्यांची प्रत सुबक. बाकीच्यांच्या जागी सरासरी माणूस बोलतो. हा अभ्यास अमेरिकन लोकांचा आहे आणि इंग्रजीतला आहे. चंद्रपूरच्या शेतमजूर बाईची किंवा मालवणच्या रापणकाराची प्रत काढायला घेतली तर काय होईल, याचा विचार करून पाहावा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. महाराष्ट्रातल्या वऱ्हाडी, झाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांचे बोलणे छापील मजकुरात आणि इंटरनेटवर नगण्य आहे. प्रतिरूप त्यांच्या नावाने प्रमाण मराठीत, वर्तमानपत्री वळणाने बोलेल, आणि शब्दांबरोबर विचारांचे वळणही बदललेले असेल. विदेशी बाजारपेठेत कंपन्यांनी आधीच 'कृत्रिम ग्राहकां'ना विचारून उत्पादने ठरवायला सुरुवात केली आहे. उद्या एखाद्या सरकारी योजनेबद्दल गावाचे मत घ्यायचे आहे आणि गावात जाण्यापेक्षा गावाची प्रतिरूपे स्वस्त पडतात, अशी वेळ आली तर ज्यांचे म्हणणे ऐकणे सर्वांत गरजेचे आहे त्यांचेच म्हणणे सर्वांत चुकीचे नोंदले जाईल. त्यांना ते कळणारही नाही.

आता आपल्या खिशातल्या प्रतिरूपाकडे येऊ. चॅटजीपीटीत स्मृतीची सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये चाचणीसाठी आली आणि एप्रिल २०२५ मध्ये ते आधीच्या सगळ्या संभाषणांचा आधार घेऊ लागले. इतर कंपन्याही त्याच वाटेवर आहेत. 'हे आता मला ओळखते' असे लोक म्हणतात तेव्हा आत काय चालते ते ठाऊक असलेले बरे. बहुतेक वेळा मॉडेल बदललेले नसते. तुमच्याबद्दलच्या टिपणांतून किंवा जुन्या संभाषणांतून प्रसंगाला साजेसा भाग शोधून तो तुमच्या प्रश्नाला गुपचूप जोडला जातो. क्वचित ठिकाणी तुमच्या लिखाणावर मॉडेलला थोडे वेगळे प्रशिक्षण देऊन एक छोटा पूरक थर बसवला जातो. दोन्ही प्रकारांत तुम्ही म्हणजे एका सर्वसाधारण यंत्राच्या हातातला कागद असता. नव्या नोकरीवर आलेल्या सेक्रेटरीने आधीच्या सेक्रेटरीची डायरी वाचून साहेबांच्या वतीने फोन घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

एवढ्या कागदावरही बरेच साधते. २०१५ मध्ये केंब्रिज आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८६ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या माहितीवरून दाखवले की फेसबुकवरच्या दहा लाइक्सवरून संगणक माणसाचा स्वभाव त्याच्या सहकाऱ्यापेक्षा चांगला ओळखतो, आणि सुमारे तीनशे लाइक्सनंतर जोडीदाराच्याही पुढे जातो. तेव्हा संगणकाला बोलता येत नव्हते. आता येते. मे २०२५ मध्ये 'नेचर ह्युमन बिहेवियर'मध्ये आलेल्या प्रयोगात ९०० लोकांनी ऑनलाइन वादविवाद केले, काहींनी माणसांशी, काहींनी जीपीटी-४ शी. समोरच्याचे वय, शिक्षण, राजकीय कल अशी मोजकी माहिती मिळालेले मॉडेल, जिथे माणूस आणि यंत्र यांच्यात डावे-उजवे ठरवता आले अशा लढतींपैकी ६४ टक्क्यांत माणसापेक्षा जास्त पटवून देणारे ठरले. वैयक्तिक माहिती नसताना ही आघाडी दिसली नाही. त्याच सुमारास ओपनएआयला आपल्या मॉडेलची एक नवी आवृत्ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली, कारण ते वापरणाऱ्याच्या हो ला हो मिळवत सुटले होते. आपल्याला पूर्ण ओळखणारा आणि कधीच विरोध न करणारा सोबती, हे मिश्रण मला धोक्याचे वाटते. आपल्याला ओळखणारी माणसे आपल्याला अडवतातही. आई अडवते, जुना मित्र अडवतो, आणि ओळखीचा बराचसा उपयोग तिथेच असतो.

कामाच्या ठिकाणच्या प्रतिरूपांबद्दल थोडक्यात. लिंक्डइनचे सहसंस्थापक रीड हॉफमन यांनी एप्रिल २०२४ मध्ये स्वतःच्या प्रतिरूपाला स्वतःची मुलाखत घ्यायला लावली. झूमचे प्रमुख एरिक युआन यांनी बैठकांना आपले डिजिटल ट्विन पाठवण्याचे स्वप्न मांडले आणि मे २०२५ मध्ये कंपनीच्या तिमाही निकालांची सुरुवातीची मांडणी आपल्या कृत्रिम प्रतिमेकडून करवली. चीनमध्ये जून २०२५ मध्ये उद्योजक लुओ योंगहाओ यांच्या डिजिटल प्रतिमेने बायडूवर काही तासांच्या थेट विक्रीत साडेपाच कोटी युआनचा माल विकला. ही माणसे जिवंत आहेत, ताकदवान आहेत, चुकीचे बोलले गेले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करू शकतात. त्यांची मला काळजी नाही. ज्या शिक्षकाचा, निवेदिकेचा किंवा कॉल सेंटरमधल्या मुलीचा आवाज करारातल्या एका कलमाने कंपनीचा होतो आणि त्यांनी नोकरी सोडल्यावरही बोलत राहतो, त्यांची आहे.

आणि मग मृतांचे प्रतिरूप. हा सगळ्यांत नाजूक भाग आहे, आणि त्याची सुरुवात धंद्यातून झालेली नाही, प्रेमातून झाली आहे. २०१५ मध्ये रोमन माझुरेंको हा तरुण मॉस्कोत अपघातात गेला. त्याची मैत्रीण युजेनिया कुइडा हिने त्याचे हजारो संदेश गोळा करून त्याच्यासारखे उत्तर देणारा बॉट बनवला. त्याच कामातून पुढे 'रेप्लिका' हे सोबतीचे अ‍ॅप निघाले. २०२३ च्या फेब्रुवारीत रेप्लिकाने प्रणयी संभाषण एकाएकी बंद केले तेव्हा अनेक वापरणाऱ्यांना आपले माणूस बदलल्यासारखे दुःख झाले. आपल्या सोबत्याचा स्वभाव एका कंपनीच्या निर्णयाने रातोरात पालटू शकतो, हे त्यांनी अनुभवले. इटलीच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने याच अ‍ॅपवर आधी बंदी आणली आणि २०२५ मध्ये ५० लाख युरोंचा दंड केला.

अमेरिकन पत्रकार जेम्स व्लाहोस यांची गोष्ट वेगळी आहे. वडिलांना कर्करोग झाल्याचे कळल्यावर त्यांनी अनेक बैठकांत वडिलांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि त्यावरून 'डॅडबॉट' बांधला. वडिलांना हे ठाऊक होते, त्यांनी तो पाहिलाही. बॉट बोलायचा तो मुख्यतः वडिलांनी खरोखर सांगितलेल्या गोष्टी. अशा प्रतिरूपाला माझी हरकत नाही. मूळ माणसाला 'मी असे म्हणणार नाही' असे सांगायची संधी मिळाली होती. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये 'लाल सलाम' चित्रपटाच्या एका गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज वापरले, ते त्यांच्या कुटुंबांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. तेही समजण्यासारखे आहे, जरी परवानगी गायकांची नव्हती, वारसांची होती.

पण अ‍ॅरिझोनातल्या न्यायालयात मे २०२५ मध्ये जे घडले, तिथे माझा पाय अडतो. २०२१ मध्ये रस्त्यावरच्या भांडणात गोळी लागून मेलेल्या माणसाची कृत्रिम चित्रफीत शिक्षेच्या सुनावणीत दाखवली गेली. त्यात तो आपल्या मारेकऱ्याला क्षमा करताना दिसला. शब्द त्याच्या बहिणीने लिहिले होते, भाऊ काय म्हणाला असता याचा विचार करून. तिच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. न्यायाधीशांना ती क्षमा मनाला भिडली, तसे ते बोललेही, आणि त्यांनी साडेदहा वर्षांची शिक्षा दिली. क्षमा ही जगातली अशी एक गोष्ट आहे जी दुसऱ्याच्या वतीने देता येत नाही. बहिणीने आपल्या तोंडाने तेच सांगितले असते तर ती साक्ष ठरली असती, आणि तिचे वजन बहिणीच्या साक्षीइतकेच राहिले असते.

याहून वाईटही घडले आहे. २००६ मध्ये खून झालेल्या एका मुलीच्या वडिलांना २०२४ मध्ये कळले की तिचे नाव आणि छायाचित्र वापरून कोणीतरी कॅरॅक्टर डॉट एआय या संकेतस्थळावर बॉट बनवला आहे. त्यांना विचारले नव्हते. तक्रारीनंतर तो काढला गेला. केंब्रिजमधल्या तोमाश होलानेक आणि कातार्झिना नोवाचिक-बासिन्स्का या संशोधकांनी त्याच वर्षी अशा सेवांसाठी काही सूचना मांडल्या होत्या: मृताची आणि वापरणाऱ्याची, दोघांची संमती हवी, मुलांना त्यापासून दूर ठेवावे, आणि प्रतिरूपाला सन्मानाने निरोप देऊन बंद करण्याची रीत आधीच ठरलेली असावी. तिसरी सूचना मला विशेष शहाणपणाची वाटते. आपल्याकडे तेरावे असते, वर्षश्राद्ध असते, दर वर्षी पितृपक्ष येतो. गेलेल्यांना बोलावण्याचे आणि परत पाठवण्याचे दिवस ठरलेले असतात. रोज रात्री फोनवर बोलणाऱ्या आईला परत कसे पाठवायचे, याची रीत कोणत्याच अ‍ॅपने शिकवलेली नाही.

कायदा कुठे आहे? अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २०२४ मध्ये कलावंतांच्या आवाजाला संरक्षण देणारा कायदा केला. डेन्मार्क सरकारने जून २०२५ मध्ये प्रत्येक नागरिकाला आपला चेहरा, आवाज आणि शरीर यांवर कॉपीराइटसारखा हक्क देण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात तो हक्क मृत्यूनंतरही ५० वर्षे टिकावा असे म्हटले होते. आपल्याकडे न्यायालये खटल्यागणिक वाट काढत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची परवानगीविना नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. हे आदेश मोलाचे आहेत, पण ते जिवंत आणि नामवंत कलावंतांना मिळाले. सुशांतसिंग राजपूत यांच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध दाद मागितली तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की खासगीपणाचे आणि व्यक्तिमत्त्वाचे असे हक्क माणसाबरोबरच संपतात, वारसांकडे जात नाहीत.

आपला डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यात एक चांगली तरतूद आहे: आपल्या मृत्यूनंतर आपल्या माहितीविषयीचे हक्क कोणी बजावावेत, त्या व्यक्तीचे नामनिर्देशन करता येईल. माहिती दुरुस्त करायला किंवा पुसायला सांगण्याचा हक्कही त्यात येतो. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावतो तसा आवाजाला आणि संदेशांना लावण्याची सवय मराठी घरांत यायला हवी, असे मी आग्रहाने म्हणेन. मात्र माणसाने स्वतः जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. सार्वजनिक फेसबुक पोस्ट, यूट्यूबवरची व्याख्याने, इन्स्टाग्रामवरचे रील, म्हणजे आज ज्यावरून प्रतिरूप बनवणे सर्वांत सोपे आहे तो सारा माल. आणि जुन्या माहितीतून बनलेल्या प्रतिरूपाने उद्या उच्चारलेले नवे वाक्य ही मृत व्यक्तीची 'माहिती' मानायची की नाही, हे कायद्यात कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही. नॉमिनी आईचे संदेश पुसायला सांगू शकेल. 'आई असे कधी म्हणाली नसती' एवढ्याच कारणावरून ते वाक्य मागे घ्यायला लावण्याचा अधिकार त्याला आज तरी कोणी दिलेला नाही.